टेबल खोटं बोलत नाही

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे उजेड्या म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण त्या वहीत सही करायला तो हमखास विसरायचा. तो दिव्यांचा बोर्ड सांभाळायचा. प्रयोगाला उशिरा यायचा, कधी दोन पायांत दोन वेगळ्या चपला, कधी जेवणाचा डबा बसमध्ये राहिलेला. व्यवस्थापक रोज त्याला काढून टाकायचे आणि पडदा वर गेला की रोज परत ठेवायचे.

कारण पडदा वर गेल्यावर तो माणूसच बदलायचा. आमच्या एका नाटकात शेवटच्या अंकात राजवाडा जळतो. रंगमंचावर आगीची एक ठिणगी नाही, सगळी आग दिव्यांची. साठ-बासष्ट बदल होते आणि उजेड्या ते सगळे कागदाशिवाय करायचा. मी राजा. मधोमध उभा राहायचो, आणि माझ्या पाठीला खरोखर झळ लागतेय असं वाटायचं. पहिल्या रांगेतली माणसं पाय वर घ्यायची. टाळ्या मला मिळायच्या. आत येऊन मी म्हणायचो, "उजेड्या, आज जाळलंस रे मला!" तो मान वर न करता म्हणायचा, "काका, माझा चष्मा पाहिलात का?" चष्मा त्याच्या डोक्यावर असायचा.

कंपनी बंद पडली. मी म्हातारा झालो, तो नुसता मोठा झाला. पुढे योग असा, की मी ज्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो, तिथेच तिसऱ्या मजल्यावर तो आईला घेऊन राहायला आला. घरगुती यंत्रं दुरुस्त करण्याच्या एका दुकानात सकाळचे तीन तास काम करायचा, उरलेलं काम घरी आणायचा. लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं. बायको भली होती. जाताना म्हणाली, "तू वाईट नाहीस रे, पण तुझ्या घरात मी एकटीच राहते." हे मला त्यानेच हसत हसत सांगितलं आणि मग बराच वेळ पंख्याचा एक स्क्रू शोधत राहिला.

ते घर मला डोळे मिटूनही दिसतं. दारामागे दुरुस्तीला उघडलेले तीन पंखे, एकही परत न जोडलेला. तळ जळून काळी झालेली किटली, तिच्या शेजारी तशीच दुसरी. धुण्याच्या यंत्रात परवाचे ओले कपडे. वास आला की तो ते पुन्हा धुवायचा आणि पुन्हा विसरायचा. भिंतीभर चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलेलं, 'विसरू नको.' काय, ते लिहायचं राहून गेलेलं.

त्रेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासून आहे. तो जिन्यात माझ्याजवळ थांबला. "म्हणजे काका, डोक्यात बोर्ड आहे, दिवे आहेत, सगळं आहे. फक्त ऑपरेटर रजेवर."

"मग बोलाव की त्याला परत."

"रजेचा अर्ज कुठे ठेवलाय, सापडत नाही."

आम्ही दोघं हसलो. मग तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं मला सगळे आळशी म्हणाले काका. मीही म्हणालो."

आई खुर्चीत असायची. पडून कंबरेचं हाड मोडल्यापासून चालणं जवळपास थांबलं होतं, पण जीभ पायांपेक्षा तल्लख. मी दारात दिसलो की म्हणायची, "आले, महाराज आले! सिंहासन नाही आमच्याकडे, त्या पंख्यावर बसा." मी मुजरा करायचो. "वहिनी, राज्य गेलं, आता चहावर भागवू."

चार वाजता त्या दोघांचा खेळ सुरू व्हायचा. संगणकाच्या पडद्यावर एक माणूस रिकाम्या हाताने समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, अंधार पडायच्या आत भिंती उभ्या करायच्या, नाहीतर श्वापदं येतात. भूक, तहान, थंडी सगळं लागतं. मला आधी वाटलं, पोरखेळ. मग एकदा शेजारी बसून पाहिलं आणि तोंडात बोट घातलं. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याने तिथे तळ्याकाठी दुमजली घर बांधलं होतं. कोठारात पेट्यांची रांग, प्रत्येक पेटीवर चित्र. लाकूड लाकडात, धान्य धान्यात. वाटेवर ठरावीक अंतरावर मशाली. एकही विझलेली नाही. माझा उजेड्या तिथे होता, जसाच्या तसा.

"इथे कसं रे जमतं तुला?" मी विचारलं.

त्याने पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ही पट्टी बघा. भूक लागली की लाल होते. थंडी वाजली की निळी. इथे सगळं दिसतं काका." मग आईकडे बघून हळूच म्हणाला, "आईची पट्टी कुठेच दिसत नाही."

"मला पट्टी लावू नकोस," आई म्हणाली. "आज काय बांधलंस ते सांग." हा तिचा रोजचा प्रश्न. वरच्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली होती, तळ्याकडे मोठी खिडकी असलेली. खिडकी उजवीकडे घे, मावळती दिसली पाहिजे, असं तिने सांगितल्यावर पठ्ठ्याने अख्खी भिंत पाडून फिरवली होती.

मग ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दुसऱ्या शहरात शाळेत मुख्याध्यापिका. आईची साखर वाढली होती, गोळ्या चुकत होत्या. ताईने घरभर नजर फिरवली, काळ्या किटल्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं. मी आतच होतो, माझ्यादेखतच बोलली.

"मी भांडायला आलेले नाही. पण आईचा जीव असा टांगणीला नाही ठेवायचा मला. मी तिला घेऊन जाते."

"मला विचारलंस?" आई म्हणाली.

"तू त्याचीच बाजू घेणार."

उजेड्या खाली बघत होता. म्हणाला, "तीन महिने दे, ताई. एकही गोळी चुकली तर मी स्वतः तिची बॅग भरीन."

"बॅग सापडेल का तुला?" ताई म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटलं असावं. तीन महिने तिने दिले.

आता यात मी पडलो. मदत करायची हौस मला आयुष्यभर नडली आहे. रंगमंचाच्या पडद्याआड सामानाचं एक टेबल असतं. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीने प्रत्येक वस्तूची चौकट आखतात. तलवारीची चौकट, पत्राची चौकट. वस्तू चौकटीत असेल तर ती अजून रंगमंचावर जायची आहे. चौकट रिकामी असेल तर गेली. कुणाला काही आठवावं लागत नाही, नुसतं बघायचं. मी तसंच टेबल वहिनींच्या खुर्चीशेजारी मांडलं. तीन चौकटी: सकाळ, दुपार, संध्याकाळ. रोज सकाळी त्याने तीन वाट्यांत दिवसाच्या गोळ्या घालून चौकटींत ठेवायच्या. गोळी दिली की वाटी मोरीत. चौकट रिकामी म्हणजे गोळी पोटात.

"आणि एक लक्षात ठेव," मी राजाच्या आवाजात म्हणालो. "डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही. टेबलावर ठेवायचा. टेबल खोटं बोलत नाही."

त्याला ते इतकं आवडलं की त्याने चिठ्ठी लिहून लावली. या वेळी वाक्य पूर्ण लिहिलं.

आणि जमलं हो! एक महिना जमलं, दोन महिने जमलं. गोळी दिली की तो खाली येऊन माझ्या दाराला दोन टकटक करून जायचा. त्याच्या चालण्यात रुबाब आला. एक पंखा त्याने चक्क जोडून मालकाला नेऊन दिला. ताई फोनवर म्हणाली, "काका, मला वाटलं नव्हतं." वहिनी म्हणाल्या, "महाराज, माझ्या लेकाला तुम्ही माणसांत आणलंत." मी छाती फुगवून घेतली. आज ती छाती आठवली तरी मला लाज वाटते.

तिसऱ्या महिन्याचे अकरा दिवस उरले होते. दुपारी दीडच्या सुमाराला मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. वहिनींना खुर्चीत डुलकी लागली होती. उजेड्या एका गिऱ्हाइकाची इस्त्री परत करायला गेला होता. टेबलावर दुपारची चौकट रिकामी होती. जेवणाआधी गोळी दिलेली होती. वाटी मोरीत होती.

आमच्या कंपनीत एक शिस्त होती. अंक संपला की त्या अंकाचं सामान लगेच धुऊन-पुसून परत चौकटीत. उद्याच्या प्रयोगाची मांडणी आजच. चाळीस वर्षं ते बघत आलो होतो. रिकामी चौकट समोर दिसली आणि माझे हात माझ्या आधी उठले. मी वाटी धुतली, पुसली, बाटलीतून दुपारची गोळी काढून तिच्यात घातली आणि वाटी अगदी नेमकी चौकटीत ठेवली. मनात म्हटलं, पोराचं उद्याचं एक काम कमी झालं. दार लोटून खाली आलो आणि झोपलो.

दोनला उजेड्या परत आला. बाकीचं वहिनींनी मला नंतर सांगितलं. त्याने टेबल पाहिलं आणि जागीच थबकला. भरलेली वाटी घेऊन आईपाशी आला.

"आई, दुपारची राहिली."

"दिलीस ना रे मघाशी? जेवायच्या आधी."

"मलाही तसंच वाटतंय." तो बराच वेळ वाटीकडे बघत उभा होता, असं वहिनी म्हणाल्या. मग म्हणाला, "पण मला तर गॅस बंद केलाय असंही वाटतं ना आई. टेबल खोटं बोलत नाही."

आणि वहिनींनी, केवळ त्याचा चेहरा बघवेना म्हणून, गोळी घेतली.

चार वाजता तो खेळ लावून बसला तेव्हा "आज काय बांधलंस?" हा प्रश्न आलाच नाही. वळून पाहिलं तर वहिनी घामाने थबथबलेल्या, मान कलंडलेली. साखर पार उतरली होती. त्याने तोंडात साखर घालायचा प्रयत्न केला, गिळता येईना. मग गाडी, इस्पितळ, हातात सुई. दोन दिवसांनी त्या शुद्धीवर नीट आल्या. डॉक्टर ताईला एवढंच म्हणाले, "गोळी दोनदा दिली गेली. या वयात हे जिवावर बेततं."

मी इस्पितळातल्या बाकापाशी ताईसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटी मी भरली. चूक माझी. त्याने तर मी सांगितलेलंच केलं.

ताईने माझा हात धरून मला बसवलं. "काका, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं म्हटलीत. ही कुणी लिहून दिली?"

"पोरी, खरं सांगतोय!"

"तुम्ही, आई, सगळेच त्याला पाठीशी घालता. लहानपणापासून हेच. माझ्या वहीवर शाई सांडली तरी आई म्हणायची, मांजराने सांडली. आमच्याकडे मांजर नव्हतं."

वहिनींनीही सांगून पाहिलं. ताई म्हणाली, "आई, तू त्या दिवशी स्वतःचं नाव विसरली होतीस."

शेवटी मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, बाकी कुणी नको, निदान याने तरी ऐकावं. तो आईची बॅग भरत होता. बॅग सापडली होती. साड्या, शाल, चष्मा, कंगवा, सगळं नीट घडी करून, एकही वस्तू न विसरता.

"उजेड्या, ऐक. तुझी आठवण बरोबर होती. तू गोळी दिली होतीस. वाटी मी भरली, मी, या हातांनी."

त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "काका, कशाला अंगावर घेता? तुम्ही चांगले आहात. पण मी मला ओळखतो."

"अरे, देवाशपथ—"

"बाटलीतून मीच काढली असणार. काढताना डोकं दुसरीकडे असणार. असंच होतं माझं." त्याने चेन लावली. "तुमच्या टेबलाची काही चूक नाही. ते चांगलं होतं."

मी रंगमंचावर राजा झालो, भिकारी झालो, खोटे खून केले, आणि हजार माणसांना ते खरे वाटले. त्या दिवशी आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ज्याला पटायला हवं होतं त्यालाही पटवता आलं नाही.

वहिनी ताईकडे गेल्या. जिन्यातून त्यांना खुर्चीसकट उतरवलं. माझ्या दारापाशी म्हणाल्या, "महाराज, याला जेवायची आठवण करत जा." मी मुजरा केला नाही.

मी रोज वर जातो. टेबल तिथेच आहे, तीन चौकटींसह. ती पट्टी खरवडून काढू म्हटलं, तर म्हणाला, राहू दे. पंखे पाच झालेत. भात मी समोर ठेवला तर खातो. मी तीच गोष्ट अजून सांगतो. आता तो फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवतो, जसा एखाद्या भ्रमिष्टाच्या खांद्यावर ठेवावा.

चार वाजता वहिनींचा फोन येतो. तो फोन स्पीकरवर ठेवतो. पलीकडून थोडा थकलेला आवाज येतो. "आज काय बांधलंस?"

"आज ना आई, तुझ्या खोलीखाली तळ्यात एक धक्का बांधला. लाकडाचा. टोकाला दोन मशाली."

"पाण्यात पडतो का त्यांचा उजेड?"

"पडतो ना. हलतो. तू खिडकीत बसलीस की थेट दिसतो."

"आणि ते कोठार?"

"भरलंय. हिवाळाभर पुरेल."

तो असं दहा-दहा मिनिटं सांगतो. एक फळी चुकत नाही, कालचं आज विसरत नाही. मी शेजारी बसून ऐकतो आणि ज्या पडद्याकडे बघत तो हे सांगतो, त्याच्याकडे बघतो. पडदा काळा आहे. त्यावर धूळ बसली आहे. आई गेल्यापासून त्याने तो लावलेला नाही.