अकरा देश आणि एक काळा कोट

मिचिओ होशिनाने अकरा देशांत वाद्यवृंद संचालन केलं होतं, आणि अकरांपैकी एकाही देशातून त्याला दुसऱ्यांदा बोलावणं आलं नव्हतं. सांगायला कारकीर्द भरगच्च होती. ग्राझमध्ये त्याने तीन वर्षं गायकांच्या तालमींना पियानो वाजवला आणि शेवटी एक ऑपेरा संचालित केला. बर्गनमध्ये एक कार्यक्रम, सोलमध्ये एक, बोगोताला दोन महिने. भिंतीवर लावायला फोटो ढीगभर, पण भिंत मात्र कुठेच नाही. निघताना सगळीकडे लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणत, ‘‘फार सभ्य माणूस तुम्ही.’’ त्यानंतर पत्र येत नसे. आपलं कुठे चुकतं हे त्याला कळत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं. इतक्या सभ्य माणसाला तोंडावर सांगणार तरी कोण?

अर्जेंटिनातलं रोसारियो हे बारावं ठिकाण. चौपन्नाव्या वर्षी, एका जुन्या इटालियन ऑपेराच्या तीन प्रयोगांसाठी तो इथे आला. इथल्या वादकांची एक रीत आहे. पाहुण्याचा शेवटचा प्रयोग झाला की सगळे तालीमघरात जमतात आणि त्याला पुन्हा बोलवायचं की नाही ते हात वर करून ठरवतात. मिचिओच्या बॅगेत मोठ्या भावाचं पत्र होतं : ‘आपल्या मात्सुयामाच्या शाळेला बँडमास्तर हवाय. पुरे झालं फिरणं, ये आता.’ या वेळीही हात वर झाले नाहीत तर मुकाट्याने जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पोरांना बिगुल शिकवण्यात वाईट काहीच नव्हतं. पण नुसत्या विचारानेही त्याला रडू यायचं.

राहायची खोली नाट्यगृहामागच्या गल्लीत, हारुए तामाशिरोच्या लॉन्ड्रीवर होती. हारुएचे आजोबा ओकिनावाहून आले आणि इस्त्री घेऊन बसले, तेव्हापासून तीन पिढ्या तेच. या शहरात जपानी माणूस दिसला की तो कपडेच धुणार, हे लोक जन्मतःच धरून चालतात. हारुए स्वतः जपानी बोलायची ते आजीकडून ऐकलेलं, अर्धंमुर्धं, आणि मिचिओने जपानी हिरव्या चहात साखर घातली की म्हणायची, ‘‘तुम्ही कसले हो जपानी? तुमच्यापेक्षा मी बरी!’’

पहिल्याच सकाळी ती पाव आणायला कोपऱ्यावर गेली होती. मिचिओ बाह्या दुमडून, चहाचा कप घेऊन लॉन्ड्रीच्या दारात उभा होता. तेवढ्यात काखेत ‘माते’ या इथल्या कडू चहाचा थर्मास मारून एक दांडगा माणूस लगबगीने आला आणि त्याने एक काळा शेपटीचा कोट सरळ मिचिओच्या हातावर टाकला.

‘‘कोपरावर सॉस सांडलाय, चिमिचुर्री आहे, तेलकट डाग. गुरुवारी सकाळी हवा, आणि मागच्या खेपेसारखी बटणं गिळू नका!’’

बोगोतात शिकलेलं स्पॅनिश मिचिओला पुरेसं होतं. ‘मी लॉन्ड्रीवाला नाही’ हे वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण मग बिचारा ओशाळला असता. मिचिओने कंबरेत वाकून कोट घेतला.

तासाभराने तो संचालकाच्या चौथऱ्यावर चढला. समोरच्या वाद्यवृंदात एक माणसाएवढा डबल बास होता आणि त्यामागे लपायचा प्रयत्न करणारा त्याहून मोठा माणूस, सकाळचाच. ओस्वाल्दो फेरूची, पस्तीस वर्षं याच वाद्यवृंदात. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता. मिचिओने त्याच्याकडे पाहिलंच नाही असं दाखवलं आणि छडी उचलली.

तालीम मात्र बिघडायला लागली. छडी खाली यायची आणि आवाज यायचाच नाही. अर्धा श्वास गेल्यावर यायचा. मिचिओला वाटायचं, हे मागे राहिलेत. मग तो त्यांच्यासाठी थांबायचा. तो थांबला की ते आणखी मागे रेंगाळायचे. त्याची आई सार्वजनिक स्नानगृह चालवायची. दारात आधी दुसऱ्याला वाट द्यायची, हे त्याला बोलता येण्याआधी येत होतं. तो वाट देत राहिला. सव्वीस मिनिटांचा पहिला अंक सोमवारी अठ्ठावीस मिनिटं चालला आणि बुधवारी बत्तीस. टिपेचा सूर धरून धरून मुख्य गायक, म्हणजे तेनॉर, अखेर खाली बसला.

‘‘मायेस्त्रो, मी माणूस आहे हो, मासा नाही! श्वास घ्यावा लागतो मला!’’

सगळे हसले. मिचिओही हसला, आणि खोलीवर जाऊन त्याने भावाचं पत्र पुन्हा वाचलं. बर्गनमध्ये हेच झालं होतं. सोलमध्येही.

गुरुवारी सकाळी तो कोट घेऊन स्वतः नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभा राहिला. हारुएने डाग काढला होता, कडक इस्त्री केली होती.

‘‘बटणं मोजून घ्या,’’ तो ओस्वाल्दोला म्हणाला.

ओस्वाल्दोने कोट घेतला नाही. ‘‘अहो मायेस्त्रो, त्या दिवशी बोलला का नाहीत? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!’’

‘‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’’

‘‘हेच! हेच तुमचं दुखणं!’’ ओस्वाल्दो इतक्या जोरात ओरडला की द्वारपाल डोकावला. ‘‘माझी चूक मला सांगितली नाहीत, पण तुमची मी सांगणार. तुम्ही आमची वाट का बघता?’’

‘‘तुम्ही उशिरा येता म्हणून.’’

‘‘आम्ही उशिराच येणार! इथे सगळे तसेच वाजवतात, आमच्या मास्तरांचे मास्तरही तसेच वाजवायचे. छडी खाली आली की आम्ही गायकाचा श्वास ऐकतो, मग सूर लावतो. तुम्ही आमच्यासाठी थांबता, आम्ही तुमच्यासाठी थांबतो. अशाने पडदा पडायला पुढचा मंगळवार उजाडेल!’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘चालत राहा. मागे बघू नका. आम्ही येतो.’’

‘‘आणि नाही आलात तर?’’

ओस्वाल्दोने कोट घेतला. ‘‘नाही आलो तर कोट तुमचा.’’

मिचिओला राग यायला हवा होता. उलट त्याला एकदम हलकं वाटलं. अकरा देश फिरून झाले, तेव्हा कुठे एक माणूस त्याच्यावर ओरडला होता.

शुक्रवारी पहिला प्रयोग. त्याने छडी खाली आणली. शांतता. आयुष्यभराची सवय म्हणाली, थांब. पण हात थांबला नाही. दुसऱ्या मात्रेकडे निघाला, आणि मागोमाग सगळा वाद्यवृंद भरभरून आला, जसा तो बहुधा सगळीकडेच आला असता. पहिला अंक पंचवीस मिनिटांत संपला. तेनॉरला श्वास पुरला, वर डोळा मारायलाही वेळ मिळाला. मिचिओ आनंदाने रडत होता आणि प्रेक्षकांकडे पाठ असल्यामुळे ते फक्त वादकांना दिसलं.

तीन प्रयोग झाले. रविवारी दुपारी शेवटचा प्रयोग आटोपला आणि वादक तालीमघरात गेले. मिचिओ खोलीवर आला. बाहेर कुणाची वाट बघत उभं राहायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. त्याला कुणी काही कळवलं नाही. कळवत नाहीत हे त्याला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी बॅग भरून तो चहा घेऊन लॉन्ड्रीच्या दारात उभा राहिला. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. हारुए पाव आणायला गेली होती. गल्लीच्या तोंडाशी ओस्वाल्दो दिसला, काखेत थर्मास, हातात कोट.

‘‘पुन्हा कोपर?’’ मिचिओने विचारलं.

‘‘काय करणार! काल मतदान झाल्यावर सगळे जेवायला गेलो. तेनॉरने सगळ्यांना मिठ्या मारल्या, हातात सॉसची वाटी घेऊन!’’ त्याने कोट मिचिओच्या हातावर टाकला.

‘‘गुरुवारी हवा?’’ मिचिओने डाग बघितला. ‘‘मी तर उद्या...’’

‘‘छे, छे, घाई नाही. नवा हंगाम मार्चमध्ये. तुम्ही पहिल्या तालमीला याल ना, तेव्हा आणा.’’

मिचिओ या वेळी वाकला नाही. हातातला कप खाली ठेवायलाही तो थांबला नाही. त्याने ओस्वाल्दोला कोटासकट मिठी मारली, आणि चहा, तेल, चिमिचुर्री सगळं ओस्वाल्दोच्या पांढऱ्या शर्टावर आलं.

पाव घेऊन परतलेली हारुए दारातच थबकली. ‘‘अहो, काय हे! तो शर्ट कोण धुणार?’’

‘‘मी,’’ मिचिओ म्हणाला. ‘‘जपानी आहे ना मी.’’