रोमच्या शनीचं चित्र

रंगनाथ तोडकाम करायचा. जुनी घरं पाडणं हा आमच्या टोळीचा धंदा. त्याच्याइतका नेमका घण टोळीत कोणाचाच पडत नसे. भिंत वरून उतरवायची, थरावर थर, हा त्याचा नियम. पायथा कापून लोटली तर काम लवकर होतं, पण कोणत्या अंगाला पडायचं ते मग भिंत ठरवते. नव्या माणसाला तो हे एकदाच सांगे. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर त्याच्या हातातली पहार काढून घेई.

भिंगारजवळ साहेबाच्या काळातला एक बंगला आम्ही पाडायला घेतला. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत एक चित्र राहिलं होतं. पिवळा पडलेला कागद, बारीक काळ्या रेघा. आठ उंच खांब, त्यांवर दगडी तुळई, मागे काहीच नाही. पायथ्याशी गुरं चरतायत. मालकाला ते नको होतं. रंगनाथानं घरी नेऊन टांगलं आणि जेवताना त्याच्याकडे बघत बसू लागला. साळूबाई, त्याची बायको, म्हणायची की यानं सवत आणून भिंतीला लावलीय.

आमचे मुकादम बाबाजान. त्यांची नात आलिया कॉलेजात शिकते. तिनं खालची अक्षरं मोबाईलवर लावून सांगितलं की हे रोममधलं शनीचं देऊळ, फार प्राचीन. चित्रही दोनेकशे वर्षांचं असेल. टोळीतले बहुतेक नेवाशाकडचे. शनीला तेल वाहतील, पण त्याची तसबीर घरात ठेवणार नाहीत. त्यांतलाच छगन म्हणाला, ते शिंगणापूरला नेऊन सोड. रंगनाथ म्हणाला, "रोमच्या शनीला नगरचा पत्ता ठावं न्हाई." सगळे हसले. छगन हसला नाही.

पुढच्याच आठवड्यात मागच्या खोलीची भिंत वैजनाथवर पडली. वैजनाथ हा छगनचा थोरला भाऊ. रंगनाथानं दगड असे उपसले की त्याची दोन नखं निघाली. खाली वैजनाथची छाती चपटी झाली होती. उरलेल्या पायथ्यात लांबवर खाच दिसली. त्या बाजूचं काम छगनकडे होतं. रंगनाथानं पाहिलं, मीही पाहिलं. त्यानं दोन घमेली राडारोडा खाचेवर ओतला आणि मला म्हणाला, भाऊ गेलाय त्याचा, बोलू नको.

छगननं मात्र गावभर केलं की रंगनाथच्या घरातल्या शनीनं वैजनाथ घेतला. टोळीतली माणसं रंगनाथच्या शेजारी उभी राहीनात.

तेराव्याचं जेवण उठलं आणि छगन पहार घेऊन रंगनाथच्या दारात आला. बरोबर दोन भाऊबंद, मागे वैजनाथची बायको लंकाबाई. चित्र बाहेर काढ, जाळायचंय, असं त्यानं फर्मावलं. दिलं असतं तर वैजनाथ रंगनाथमुळे मेला यावर शिक्का बसला असता. रंगनाथ उंबऱ्यावरून हलला नाही.

छगननं पहार त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड फुटल्याचा आवाज मी रस्त्यावर ऐकला आणि धावलो. साळूबाईनं वरवंटा उचलून एका भाऊबंदाचा खांदा निखळवला. दुसऱ्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. त्याला मी मागं ओढलं. तोवर छगन रंगनाथच्या छातीवर बसला होता. कबूल कर, कबूल कर, म्हणत तोंडावर ठोसे घालत होता.

रंगनाथानं रक्त थुंकलं. छगनकडे बघितलंच नाही, लंकाबाईकडे बघितलं.

"वहिनी, भिंत खालनं कापली हुती. खाच अजून हाय. जाऊन बघा."

छगननं उठून त्याच्या जबड्यावर लाथ घातली. मग आत घुसला. चौकट फोडली, कागद ओढून काढला आणि फाडत सुटला. काचेनं त्याचे तळहात चिरले, तरी थांबला नाही.

लंकाबाई दारात आली. "भावजी, कापली हुती का?"

"शनीची तसबीर घरात ठिवली यानं."

"म्या ते इचारलं न्हाई."

छगन चिंध्यांच्याही चिंध्या करत राहिला.

अपघातामुळे काम बंद होतं. बंगला तसाच होता. सकाळी मी लंकाबाईला तिथं नेलं आणि राडारोडा बाजूला केला. तिनं खाचेत हात घातला. मनगटापर्यंत गेला.

रंगनाथचा गुडघा पुन्हा वळला नाही. घण सुटला. पोलिसांत तो गेला नाही. बाबाजाननी छगनला टोळीतून काढलं.

दोघा भावांचं घर एकच होतं. त्या दुपारी लंकाबाईनं अंगणात तीन दगड मांडले आणि आपली चूल वेगळी पेटवली.