रोलंडचं शेपूट

हिल्बर्ट झास्ट्रोच्या शिकारीच्या खोपटात, शेगडीच्या वरच्या भिंतीला एक दोरी आहे. तिच्यावर शर्टांच्या चिंध्या लटकतात. ज्याचा नेम हरणावर चुकला त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं लोंबतं टोक, जागच्या जागी कात्रीनं कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि दोरीला लावायचं. विस्कॉन्सिनच्या या भागात हा रिवाज जुनाच आहे. हिल्बर्टनं त्याला आपल्या पदरचं एक कलम जोडलं: चुकवलेल्या नरापेक्षा मोठ्या शिंगांचा नर आणशील, तरच चिंधी खाली येईल. बाकीच्यांच्या चिंध्या कधी ना कधी उतरल्या. हिल्बर्टच्या जावयाची, रोलंड टेस्केची, लाल चौकड्यांची चिंधी मात्र लग्नाच्या वर्षापासून तिथंच आहे. धुरानं ती तपकिरी झाली आहे.

नेम चुकलेला माणूस काय करतो? नेम सुधारतो. कुंपणावर रिकामे डबे मांडून सराव करतो. रोलंडला हे सुचलं नाही. त्यानं अस्सल जावईशोध लावला. त्याच्या मते दोष नेमाचा नव्हताच, हरणांचा होता. इथली हरणं उपाशी, म्हणून शिंगं खुरटी, म्हणून शिकाऱ्याला त्यांच्यावर गोळी झाडायचा हुरूपच येत नाही!

मग त्यानं सासऱ्याकडून जंगलालगतचा तुकडा मागून घेतला आणि हरणांसाठी शेती मांडली. माती तपासून आणली, चुना टाकला, क्लोव्हरचं गवत पेरलं, ओट पेरले, सलगम आणि मुळा लावला. दंव पडलं की सलगमाचा पाला कसा गोड होतो, हे तो गुत्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायचा. घरचं कुंपण तीन वर्षं आडवं पडलं होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती. सगळं शेणखत हरणांच्या वाट्याला गेलं आणि त्याच्या बायकोच्या, लॉर्नाच्या, परसातले टोमॅटो गोट्यांएवढे राहिले.

"अरे, थोडं खत मला ठेवशील की नाही?" लॉर्ना विचारायची.

"टोमॅटोला शिंगं येतात का?" रोलंड म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसायचा.

शिकारीच्या मोसमाच्या आधी घरात बेकन तळायची बंदी असे. कपड्यांना वास लागतो आणि हरणं बिचकतात म्हणे. कपडे देवदाराच्या डहाळ्या घालून डब्यात बंद, आणि नवरा-बायको उकडलेल्या बटाट्यांवर.

त्या शेतात एक नर येऊ लागला. रोलंडनं सलगमाच्या वाफ्यातच खुंटा ठोकून त्यावर आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा बसवला होता, त्यात तो दिसला. डावा कान फाटलेला आणि शिंगं चित्रात मावत नव्हती. रोलंडनं त्याचं नाव बिशप ठेवलं. फोटो खिशात घेऊन तो गावभर हिंडला. स्वतःच्या पोरांचे फोटो त्यानं इतक्या कौतुकानं कधी कुणाला दाखवले नव्हते. बिशपला मारायचा विषय निघाला की तो "अजून एक वर्ष वाढू दे" म्हणायचा. पण यंदा त्यानं गुत्त्यात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मोसमाच्या पहिल्याच शनिवारी बिशप पाडतो आणि ती चिंधी माझ्या हातानं शेगडीत घालतो." आता माघार नव्हती. खरं सांगायचं तर त्या चिंधीखाली बसून जेवायचं त्याच्या जिवावर यायचं, इतकी वर्षं झाली तरी.

शनिवार उजाडला. रोलंड नारिंगी जाकीट चढवून शेताकडेच्या मचाणावर बसला. लॉर्ना पलीकडे, बापाच्या जुन्या सफरचंदाच्या झाडाखाली, बंदूक, मोडकी खुर्ची आणि कॉफी घेऊन बसली. तिला शिंगांचं काही नव्हतं. फ्रीजर रिकामा होता.

ऊन वर आलं तसा झाडीतून एक नर बाहेर पडला आणि ऐटीत सलगम खाऊ लागला. रोलंडनं दुर्बिणीतून शिंगं पाहिली. बरी होती, पण बिशपची नव्हती. बिशपची शिंगं कशी, खुर्चीच्या पाठीएवढी! हा त्याचा पोरगा असणार. कान बघायला सवड कुणाला होती? रोलंडनं बंदूक मांडीवर ठेवली आणि मोठ्या मनानं पुटपुटला, "जा बाळा, वाढ अजून." पोटभर खाऊन नर सफरचंदाच्या दिशेनं निघून गेला.

थोड्या वेळानं तिकडून बंदुकीचा एकच आवाज आला.

रोलंड धावत गेला तेव्हा लॉर्ना नराशेजारी उभी होती. "चांगला गुबगुबीत आहे," ती म्हणाली. रोलंडनं खाली पाहिलं. डावा कान फाटलेला होता. त्यानं खिशातला फोटो काढून शिंगांशेजारी धरला.

"पण शिंगं... फोटोत तर..."

"रोलंड, कॅमेरा त्याच्या नाकाला टेकवून फोटो काढलास. माझं नाकसुद्धा त्यात भोपळ्याएवढं आलं असतं."

खोपटासमोरच्या मेपलच्या झाडाला नर टांगला. हिल्बर्टनं टेप काढला. रोलंडनं पूर्वी चुकवलेला नर दुसऱ्याच दिवशी हिल्बर्टनं पाडला होता आणि त्याची शिंगं दारावरच होती, त्यामुळे मापाला हुज्जत नव्हती. बिशप चार बोटं मोठा भरला. लॉर्ना त्याचं पोट साफ करायला बाहेर थांबली, बाकीचे आत शेगडीपाशी आले.

"मग आता दाजींचा हा शर्टही कापायचा का, बाबा?" लॉर्नाचा भाऊ ड्युएन कात्री घेऊन आलाच होता.

"नाही रे," हिल्बर्ट म्हणाला. "ज्याचा नेम चुकला त्याचा शर्ट कापतात. यानं गोळीच झाडली नाही. शेपूट घालणाऱ्याचं काय कापायचं, हे माझ्या बापानं सांगून ठेवलेलं नाही."

सगळे हसले. रोलंड हसला नाही. मान खाली घालून गप्प बसावं, एवढीही अक्कल त्याला त्या दिवशी नव्हती.

"बाबा, पण नर वाढवला कुणी?" तो म्हणाला. "माझ्या सलगमावर वाढलाय तो. अर्धा तरी माझाच म्हणायचा. माप भरलंय, तुम्ही स्वतः बघितलंत. मग ती चिंधी..."

हिल्बर्टनं हनुवटी खाजवली. कलम त्याचंच होतं, पण असा पेच आजवर पडला नव्हता.

लॉर्ना नराचं पोट साफ करून आत आली. हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. तिनं इकडंतिकडं पाहिलं, सरळ दोरीपाशी गेली आणि लाल चौकड्यांची चिंधी ओढून काढली. रोलंडचा चेहरा असा उजळला की ड्युएननंसुद्धा नजर वळवली.

लॉर्नानं त्या चिंधीनं आधी बोटं पुसली, मग कोपर, मग सुरी.

"धुऊन परत लावते," ती म्हणाली.

आणि लावलीही. धुण्यात धूर निघाला, लाल रंग पुन्हा थोडा दिसू लागला आणि रोलंडचं नाव धुऊन गेलं. ते पुन्हा लिहायची कुणालाच गरज वाटली नाही.