पप्याच्या खाजेचं औषध

माझ्या धाकट्या दिराचं लग्न खाजेच्या औषधामुळं जुळलं.

पिंगळीचे पाव्हणे आमचं घर बघायला येणार होते, मुलीचे वडील आणि मामा. नेमका त्याच सकाळी माझा पप्या घरातल्या कापसाच्या ढिगात लोळला आणि त्याच्या अंगभर गांधी उठल्या. खाजवून खाजवून पोरगं नुसतं नाचत होतं! सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) कडाडल्या, "पाव्हणे म्हंतील, घरात खरूज हाय! कोण पोरगी देईल? जा पूर्णेला, दवाखान्यात दाखव!"

डॉक्टरांनी बाटली दिली. "एक चमचा पाजा. झोप येईल थोडी, घाबरू नका."

घरी येईपर्यंत दुपार झाली. पप्यानं दात आवळले.

"म्या न्हाई पेणार! कडू हाय!"

"आरं, लय गोड हाय. बघ, आई पिती." मी चमचाभर प्यायले.

"आजून पी."

प्यायले.

"खोटं! गिळलंच न्हाई तू!"

परत प्यायले. (जीभसुद्धा बाहेर काढून दाखवली!) मग कुठं त्यानं एक चमचा घेतला. तेवढ्यात दीर ओरडले, "वहिनी, पाव्हणे आले! भज्याचं बघा!"

भज्याचं पीठ कालवायला मी भिंतीला टेकून बसले, एवढंच मला आठवतं.

पुढचं आत्याबाईंनी सांगितलं, तेही आठवडाभर, रोज! पप्याच्या गांधी बसल्या. झोप मात्र त्याच्या आसपास फिरकली नाही. पाव्हण्यांचा हात धरून तो त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन आला. "बघा, माझी आई घोरायलीय!" पाव्हण्यांपुढं मान वर न करणारी मी, हात पिठात, पदर पिठात, तोंड सताड उघडं! आणि गॅसपुढं आत्याबाई घाम पुसत चहा करत होत्या.

दिरानं कपाळाला हात लावला. "गेली सोयरीक!"

मुलीचे वडील हळूच म्हणाले, "उठवू नका, झोपू द्या लेकराला." मग मामाला कोपरानं ढोसलं, "बघितलं का? सून झोपलीय अन् सासू चहा करायलीय! असं घर कुठं भेटंल? फोडा सुपारी!"

जाऊबाई आली. रोज जेवण झालं की खुशाल आडवी होते. "बाबा म्हणले होते, ह्या घरात सुना झोपत्यात." आत्याबाईंना नाही म्हणता येत नाही. तिचा चहा मी करते. मला कुठली दुपारी झोप लागायला? औषध संपलं ना!