चुडाव्याच्या विहिरीतलं चौथं गाणं

पूर्ण्याला गाडी बदलून चुडाव्याला उतरलो, तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. खांद्याला बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, पिशवीत वॉकमन आणि आमच्या बँडची अपुरी कॅसेट. पुण्यात आम्ही चौघं संथ, काळंकुट्ट मेटल, म्हणजे किंचाळून गायचं रॉक, वाजवायचो. चार गाण्यांची ही आमची पहिलीच कॅसेट. तीन गाणी झाली आणि आमचा गायक अशोक वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतला. ‘चौथं माझ्याशिवाय करा,’ असं त्याचं पत्र आलं, म्हणून मीच निघालो.

स्टेशनबाहेर शेंगा विकणाऱ्या बाईंना मास्तरांचं घर विचारलं.

“बुद्धवाड्यात हाय. पर मास्तर लय दुखण्याला हायेत. थकवू नका त्यायला.”

मास्तर, म्हणजे अशोकचे वडील, खाटेवर पडून होते. त्याच्या आईनं आधी भाकरी आणि येसर (भाजक्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढली. माझे नाकडोळे वाहू लागले तशी ती हसली आणि ताक पुढं केलं.

“बाबा असे पडलेले, अन् मी किंचाळत बसू?” अशोक हळू आवाजात म्हणाला.

मास्तरांनी ऐकलंच. “लाव रे ते. ऐकू दे.”

मी तिसरं गाणं लावलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“ह्ये रडणं हाय का राग?”

“दोन्ही, बाबा.”

“मग अर्धं कशाला सोडलंस? जा, म्हणून ये.”

शिवारात एक कोरडी विहीर होती. आवाज तिथं छान घुमतो, म्हणून आम्ही पायऱ्यांनी तळाशी उतरलो. चौथ्या गाण्याचं आधीच वाजवून ठेवलेलं संगीत ऐकायला अशोकनं वॉकमन कानाला लावला, मी टेप सुरू केला. महिनाभर कोंडलेलं सगळं त्याच्या घशातून बाहेर पडलं. गाणं संपतासंपता वरून कुणीतरी ओरडलं, “भिऊ नका! म्या आलोय!” आणि मोटेचा जाड नाडा (दोर) आमच्यासमोर आदळला.

काठावर एक म्हातारा शेतकरी धापा टाकत उभा होता. अशोकचा चेहरा उतरला. “माणिकराव,” तो पुटपुटला. नामांतराच्या दंगलीपासून त्यांच्या आणि मास्तरांच्या घरात बोलणं नव्हतं. त्याआधी दोघं एकाच गाडीतून पूर्ण्याच्या बाजाराला जायचे.

आम्ही वर आलो. माणिकराव अशोककडे बघतच राहिले.

“मास्तरचा तू?”

“व्हय. पडलो न्हाई काका, गाणं म्हणायलो होतो.”

“असलं गाणं?” त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. शेवटचा वेढा घालताना, मान वर न करता विचारलं, “मास्तरची तब्येत कशी हाय?”

घरी आल्यावर मास्तरांनी ते ध्वनिमुद्रण ऐकलं. शेवटच्या हाकेपाशी ते कोपर टेकून उठून बसले. “परत लाव.” तीनदा ऐकलं. “आवाज बदलला न्हाई त्याचा,” एवढंच म्हणाले.

पुण्यात आमचा ड्रमर ती हाक काढून टाकू म्हणत होता. मी ठाम नकार दिला. आमचं विव्हळणं ऐकून कुणी दोर घेऊन उन्हातून धावत येईल, असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. त्या माणसाचे, त्या गावाचे उपकार पुसायचे कसे?

कॅसेटच्या पहिल्या दोन प्रती मी चुडाव्याला पाठवल्या. एक मास्तरांना, एक माणिकरावांना. पंधरवड्यानं अशोकचं पत्र आलं. माणिकरावांकडे टेप नव्हता, म्हणून कॅसेट घेऊन ते मास्तरांकडे आले होते.