एल्डरबीत राहिलेला अण्णांचा फोटो

एल्डरबी सोडलं त्या सकाळी आमची भाड्याची गाडी गल्लीच्या वळणाशी पोचली आणि मागून हाक आली. "वैशाली! वैशाली!" शेजारचे केन. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात घरातल्या सपाता, हात वर करून गाडीमागे धावत येत होता. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ब्रेकवर पाय ठेवला. मी म्हटलं, "थांबू नकोस. निघताना मागून हाक आली की थांबायचं नसतं." मागच्या सीटवर चार वर्षांची ईरा होती, आणि तिच्या शेजारी आमची बांधाबांध करायला भुसावळहून महिनाभर आधीच आलेली माझी आई. आई म्हणाली, "अगं, म्हातारा माणूस पळतोय. आपलं काही राहिलं असेल." आता हे हाकेचं खूळ माझ्या डोक्यात घातलं कुणी, तर तिनेच. अण्णा ड्युटीवर निघाले की ती आमच्या तोंडावर हात ठेवायची, चुकून कुणी मागून हाक मारू नये म्हणून. मी तिच्यावरच डाफरले, "आणि आता तूच थांब म्हणतेस?" मिलिंदने गाडी पुढे काढली. केन वळणावर गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. नव्या देशाला चाललो होतो, मला अपशकुन नको होता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या बॅगा भरून निघालेल्यांना ती आज सांगतेय, कारण गेल्या शनिवारी जे समोर आलं त्याने मी अजून सावरलेले नाही. तुम्ही मला ओळखता. वैशाली म्हणजे तोंडाने फटकळ, पण मनाने सरळ, असं माझ्याबद्दल बोललं जातं आणि मीही ते खुशाल खरं मानत आले.

एल्डरबी हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं लहानसं गाव. मिलिंदचा प्रोजेक्ट जवळच्या शहरात होता आणि भाडं परवडतं म्हणून आम्ही तिथे राहिलो. एक चर्च, एक बेकरी, दोन पब, आणि दुपारी चारला अंधार. पहिल्या हिवाळ्यात मी रोज भांडून मिलिंदला जीव नकोसा केला. मला माणसात आणलं ते केननी. ते दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये गावच्या आठवणींची बैठक भरवत. म्हातारे लोक जुने फोटो, पगाराची पाकिटं, बंद पडलेल्या दुकानांच्या पिशव्या घेऊन यायचे आणि कुठल्या कोपऱ्यावर कुणाची खानावळ होती यावरून तावातावाने वाद घालायचे. आपल्याकडे पारावर चालतं तेच, फक्त चहात दूध थंड.

मीही जायला लागले. माझ्याजवळ त्या गावच्या आठवणी कुठून असणार? मग एका गुरुवारी मी अण्णांचा फोटो नेला. अण्णा म्हणजे माझे वडील, भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर. फोटोत ते वाफेच्या इंजिनाला टेकून उभे आहेत, कपडे तेलाने काळे, आणि मोकळेपणाने हसताहेत. आमच्याकडे त्यांचे फोटो तसे आहेत, पण लग्नातल्या फोटोत ते घाबरलेले दिसतात आणि बाकीचे सगळे ओळखपत्राचे. हसणारे अण्णा त्या एकाच फोटोत होते. त्याची कॉपी नव्हती. केननी भिंग लावून इंजिनावरची पितळी पाटी वाचली आणि ओरडलेच. ते इंजिन जिथे बनलं तो कारखाना वीस मैलांवर होता आणि केनचे वडील तिथे आयुष्यभर काम करत होते. त्या दिवशी हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्या अण्णांशी ओळख असल्यासारखा तो फोटो हातोहाती फिरवला. मला फार अभिमान वाटला.

पुढच्याच आठवड्यात अमेरिकेचा व्हिसा आला, शनिवारचं विमान ठरलं आणि घरात धावपळ उडाली. अण्णांच्या वस्तू, म्हणजे घड्याळ, रेल्वेचा पास, चष्मा आणि तो फोटो, एका कापडी पिशवीत असत. अमेरिकेच्या सामानात जागा नव्हती म्हणून मी ती पिशवी आईच्या हातात दिली. आम्ही निघणार त्याच दिवशी तीही मुंबईच्या विमानाने परतणार होती. "जिवापाड सांभाळ" एवढं म्हणाले. विमानतळावर तपासणीत तिची पिशवी ट्रेमध्ये उपडी केली, तेव्हा ती किती गोंधळली होती ते मी काचेपलीकडून पाहिलं होतं.

दोन आठवड्यांनी अमेरिकेतल्या आमच्या नव्या गावातून, मॉरिसव्हिलहून, फोन केला, "आई, अण्णांच्या फोटोचा फोटो काढून पाठव." ती म्हणाली, "पिशवीत फोटो नाही गं." मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. एक वाक्य लिहिते. "नवऱ्याची एक आठवण तुला सांभाळता आली नाही." ती पहिल्यांदा ठाम होती, की फोटो पिशवीत नव्हताच. मी दर फोनवर तोच विषय काढत राहिले. वर्षभराने ती म्हणाली, "असेल बाई. त्या ट्रेमध्येच पडला असेल माझ्या हातून." मी मनात म्हटलं, बघ, आता कशी कबूल झाली.

मॉरिसव्हिलमध्ये आमचं बस्तान छान बसलं. घर झालं, गणपतीला ढोल-ताशा आहे, ग्रोसरीत कैऱ्या मिळतात, ईराला रविवारी मराठी शाळेत ड्रॉप करताना पार्किंगमध्ये निम्मं पुणं भेटतं. आई दोनदा येऊन गेली. आली की कशालाही हात लावायची नाही. एअरपोर्टवर पासपोर्ट धर म्हटलं तर हात मागे घ्यायची, "माझ्याकडे नको गं, माझ्याकडून हरवेल." स्वतःचे कागद साडीला पिनेने टाचून फिरायची. आम्ही तिची चेष्टा करायचो. मीच नकला करून दाखवायचे आणि पॉटलकच्या जेवणाला आलेले सगळे हसायचे.

गेल्या शनिवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर फोन घेऊन बसले होते. एल्डरबीच्या आठवणींचं एक फेसबुक पान आहे, ते मी अधूनमधून बघते. बेकरी बंद झाली, पूल रंगवला, असलं काहीतरी असतं. खाली सरकवता सरकवता अण्णा समोर आले. इंजिनाला टेकून, हसत. खाली लिहिलं होतं, "अनोळखी भारतीय रेल्वे कामगार. कुणी ओळखतं का?"

मी पोस्ट उघडली. पोस्ट केनच्या मुलीची होती. केन गेल्या हिवाळ्यात वारले, त्यांच्या कपाटात हा फोटो निघाला. तिने मागची बाजूही टाकली होती. पेन्सिलीने केनचं अक्षर: 'वैशालीचा. कॉपी काढून शनिवारच्या आत परत.' तिने पुढे लिहिलं होतं की बाबा हा फोटो दरवर्षी बैठकीच्या प्रदर्शनात मांडायचे. तो परत द्यायला ते गाडीमागे धावले होते, पण त्या लोकांना ऐकू आलं नसावं, असं म्हणायचे. घरमालकाकडे आमचा नवा पत्ता मागितला, पण तो मी कुणालाच दिला नव्हता.

ऐकू आलं नसावं! त्या भल्या माणसाने माझ्यासाठी सबबसुद्धा शोधून ठेवली होती.

ईरा खांद्यावरून डोकावली. "आई, हू इज दॅट? ही लाफ्स जस्ट लाइक यू." मी टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. तिला वाटलं कुणी गेलं.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो माझ्या आठवणीचा. मी फोटो घरी आणला, पिशवीत ठेवला, पिशवीची नाडी आवळली, हे मला लख्ख दिसत होतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. ते कधी घडलंच नव्हतं. केननी "आठवडाभर ठेवू का?" विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हे त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत बसल्यावर तासाभराने आठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरही मी आणि फाशी देणारीही मी, आणि संन्यासी माझी सख्खी आई.

केनच्या मुलीला मी मेसेज केला. अण्णांचं नाव लिहिलं, काम लिहिलं, माफी मागितली. तिचं लगेच उत्तर आलं, "तुमच्या घरचा पत्ता द्या, सोमवारी पोस्ट करते."

मग आईला फोन लावला. तिकडे तिची दिवेलागण झाली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्या हातून नाही हरवला?"

"नाही, आई. पिशवीत नव्हताच. माझ्याकडून राहिला."

"नक्की ना?"

"नक्की."

"मी दर दिवाळीला ट्रंकांमधले कागद काढून बघते गं. मला तर आता तो ट्रेमध्ये पडतानासुद्धा दिसतो."

तिला दिसतो! आधी ती खरं सांगत होती. मी इतकी वर्षं घोकून घोकून तिच्या डोक्यात ते घातलं. मी रडत माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही. म्हणायलाही नको होतं.

इथे कुणी घर कुठे विचारलं तर मी मॉरिसव्हिल सांगते, आणि मराठी माणूस असला तर भुसावळ. परवापर्यंत दोन्ही सारख्याच सहजतेने तोंडी यायचं. आता कळतंय की ज्या घराला मी आठवणीत इतकं गोंजारत होते, तिथे एक बाई माझ्यामुळे दर दिवाळीला ट्रंका उपसत बसली होती. आपण निघून येतो, आणि आपलं बोलणं तिथेच मुक्कामाला राहतं. घर मला आता तेवढंच माहीत आहे, जिथे जाऊन मला खाली मान घालून बसायचं आहे. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय.

फोन ठेवण्याआधी मी म्हटलं, "आई, फोटो तुझ्याकडेच मागवते. भुसावळच्या पत्त्यावर."

ती घाईघाईने म्हणाली, "नको नको, तुझ्याकडेच मागव बाई. माझ्याकडून उगीच हर..." आणि मधेच थांबली.

मी केनच्या मुलीला भुसावळचा पत्ता पाठवला. वर आईचं नाव लिहिलं.