कान धरणारी माणसं

बडबड्या माणसाकडे किस्से टिकत नाहीत. घडला की सांगून मोकळा! किस्से साठतात ते तोंड बंद असलेल्या माणसाकडे. माझं तोंड आयुष्यात एकदाच बंद होतं, टॉन्सिल काढले तेव्हा. तेवढ्यात इतके साठले की अजून पुरतायत.

मी मेधा. मूळची साताऱ्याची, लग्न होऊन बेंगळुरूला आले. नोकरी मारतहळ्ळीला. गिऱ्हाइकांशी फोनवर कसं बोलायचं ते नव्या लोकांना शिकवते. म्हणजे पोटासाठी दिवसभर बोलायचं आणि घरी येऊन हौसेनं! घर इंदिरानगरात. सासरची माणसं कितीतरी पिढ्या इथलीच, त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, सासूबाईंना अक्का. नवरा रघू, आणि मुलगी सई, दुसरीत.

माझे टॉन्सिल सारखे सुजायचे. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढून टाकू. पण मोठ्या माणसांना त्रास जास्त होतो हं."

मी म्हटलं, "डॉक्टर, मला एक मूल झालंय. त्रास मला माहितीये."

त्या नुसत्या हसल्या. का हसल्या ते नंतर कळलं!

*

सुरुवातीला घसा दुखला. तो दुखणारच होता, त्याचं काही वाटलं नाही. मग एका सकाळी गोळी गिळायला गेले आणि उजव्या कानात कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ गेली. पाठोपाठ डाव्या. मी दोन्ही कान दाबून स्वयंपाकघरात खालीच बसले.

अक्का धावत आल्या. "ऑपरेशन घशाचं ना? मग कान का धरलेस?"

मी फोनवर टाइप करून दाखवलं, "कान ठणकतोय."

"अय्यो! डॉक्टरनं भलतंच काही कापलं नाही ना?"

त्यांनी तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाईंनी कानडीत शांतपणे सांगितलं, की कानाला काही झालेलं नाही. घसा आणि कान एकाच नसेवर आहेत, जखम घशाची पण कळ कानात जाते. कानात काहीही घालू नका. गोळ्या वेळेवर घ्या, पाणी भरपूर प्या, काहीतरी चघळत राहा. अक्का "सरी, सरी" करत, म्हणजे बरं बरं म्हणत, ऐकत होत्या.

संध्याकाळी फाटकाशी शेजारणींना सांगताना मी त्यांचा आवाज ऐकला. "अगं, एकाच तारेवर दोन घरांच्या बेल आहेत. बटण घशाचं दाबलं की वाजते कानाची!"

*

ही बातमी फुटल्यावर औषधं यायला लागली. समोरच्या सरोजम्मा लसूण घालून कडकडीत केलेलं तेल घेऊन आल्या. म्हणे, "स्वल्प, स्वल्प! दोनच थेंब कानात."

मला वाटलं, झालं, आता अक्का मला आडवी पाडणार. कारण एरवी आमच्या घरात पोट दुखलं की ओवा, पाय दुखला की एरंडेल. पण डॉक्टरांचं ते "कानात काहीही घालू नका" अक्कांनी देवाच्या आज्ञेसारखं धरलं होतं. त्यांनी तेलाची वाटी हसून घेतली, सरोजम्मांना कॉफी पाजली आणि निरोप दिला.

दुपारी सगळ्यांच्या पानात सारावर झकास लसणाची फोडणी! माझ्या वाटीतही गार केलेलं दोन चमचे, मऊ भातावर.

दुसऱ्या दिवशी सरोजम्मांनी विचारलं, "तेलानं बरं वाटलं का?"

"खूप बरं वाटलं!" अक्का म्हणाल्या. "सगळ्यांनाच!"

*

आता अण्णांचं. अण्णा कारखान्यात मशीनवर होते, त्या घणघणाटात त्यांचे कान गेले. रघूनं कानाचं मशीन आणून दिलंय, पण ते कायम टेबलाच्या खणात. "आत किडा बसल्यासारखं वाटतं," म्हणतात.

दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. त्यांना ऐकू येत नाही, मला बोलता येत नाही. मी फोनवर लिहून दाखवलं, तर त्यांचा चष्मा वर माडीवर! त्यांनी खुणेनं विचारलं, "काय होतंय?"

मी कानाकडे बोट दाखवलं.

त्यांचा चेहराच बदलला. मी परत कानाकडे बोट केलं, डोळ्यांत पाणी आणून.

"तू पण?" अण्णा उसळले. "घरातले सगळे मशीन लाव, मशीन लाव करतात. तुला बोलता येत नाही, तरी तू तेच सांगणार?" पण माझ्याकडे बघून विरघळले. पाय आपटत गेले, खण उघडला, मशीन लावून आले. "घे! लावलं. रडू नको आता."

अक्का बाजारातून आल्या आणि बघतच राहिल्या. "मी एवढी वर्षं ओरडून सांगते ते ऐकलं नाहीत. हिनं न बोलता सांगितलं ते ऐकलंत?"

अण्णा मात्र हसले नाहीत. मी तेव्हाच पाण्याचा घोट घेतला होता. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "पाणी पिताना तू कण्हतेस. मला ऐकूच आलं नव्हतं गं."

त्या दिवसापासून मशीन खणात गेलं नाही.

*

यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. ते हसत सांगता येत नाहीत.

घोट घेतला की कानात कळ. म्हणून मी घोट घेणंच सोडलं. जांभई आली तरी तोंडावर हात दाबून धरायची. ओठ फाटले, उठलं की चक्कर यायची. रघू ऑफिसातून दर तासाला मेसेज करायचा, "पाणी प्यायलीस?" मी "हो" म्हणून लिहायचे. एकदा तो अचानक लवकर घरी आला, आणि सकाळी भरून ठेवलेली बाटली जशीच्या तशी!

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. बेडच्या कडेला बसला आणि म्हणाला, "डॉक्टरांशी बोललो मी. घसा कोरडा पडला तर रक्त येऊ शकतं. आज पाणी गेलं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावायचं म्हणतायत." 

मी ग्लास उचलला, ओठांशी नेला, आणि खाली ठेवला. खरंच होईना. मला रडू आलं, आणि रडलं की घसा आणखी दुखायचा.

सई दारात उभी होती. ती बेडवर चढली, माझ्या मागे गुडघ्यांवर बसली आणि आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर गच्च दाबून धरले. ऊन ऊन, जरा चिकट तळवे.

"आई, मी कान धरते. तू गीळ."

मी गिळलं. कळ आली, पण त्या तळव्यांखाली दबून आली.

"अजून एक," सई म्हणाली. "मी सोडलेले नाहीत."

ग्लास संपला! रघू तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होता, किती तरी वेळ.

प्रश्न दुसऱ्या दिवशीचा होता. सई शाळेत गेली. दहाच्या सुमारास अक्का पेज घेऊन आल्या, वाटी माझ्या हातात दिली आणि मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात कानांवर आले, कढीपत्त्याचा वास असलेले, खरखरीत, आणि सईपेक्षा कितीतरी हलके. आमचं तसं पटतं, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही एकमेकींना कधी असा हात लावला नव्हता.

मी मान वर करून बघितलं.

"बघतेस काय? गीळ!" अक्का म्हणाल्या. "सुनेचे कान धरायची संधी कुठली सासू सोडते?"

*

डॉक्टरांनी चघळायला सांगितलं होतं, त्यानं जबडा हलता राहतो आणि कानाचा ठणका उतरतो. सगळ्यात सोपं म्हणजे च्युइंगम. पण आमच्या घरात च्युइंगमला बंदी! सईच्या केसांत एकदा चिकटलं होतं, तेव्हापासून अक्कांचा हुकूम.

त्याच अक्का चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. मी एक तोंडात टाकलं, एकदा चावलं, आणि कळवळून थांबले.

"थांब, मी पण खाते तुझ्याबरोबर," म्हणून अक्कांनी एक तोंडात टाकलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून चावायला लागलो. मला हळूहळू जमायला लागलं. अक्कांचं मात्र थांबलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. डोळे मोठे!

च्युइंगम कवळीला चिकटलं होतं. वरची कवळी खालच्या कवळीला!

तेवढ्यात अण्णा आले. "कॉफी मिळेल काय?" मी हातानं खूण केली. अक्कांनीही हातानं खूण केली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि शांतपणे कानातलं मशीन काढून हातात घेतलं.

"आज घरात कुणीच बोलत नाही. बॅटरी तरी वाचवतो!"

मी हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. कानात काय कळ गेली म्हणून सांगू! तरी हसले.

*

ऑफिसातल्या सुरेखाचा फोन याच काळातला. सुरेखा निपाणीकडची. मूल झाल्यावर बरीच वर्षं घरी होती, आता परत नोकरी धरलेली. फोनवर गिऱ्हाईक चिडलं की हिची वाचा बसायची. माझ्या ट्रेनिंगच्या परीक्षेत पास होणार नाही अशी तिला खात्रीच होती.

मी फोन उचलला खरा, पण बोलणार काय?

"हॅलो मॅडम? मॅडम, ऐकू येतंय काय?"

मी शांत.

पूर्वीची सुरेखा घाबरून फोन ठेवून मोकळी झाली असती. पण ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "काय हरकत नाही. तुम्ही बोलू नका. ऐकू येत असलं तर फोनवर एकदा टकटक करा. मी आहे लाइनवर."

मी नखानं टकटक केली.

"पास झाले मॅडम. पहिला फोन तुम्हाला केला." मग आवाज फुटला तिचा. थोड्या वेळानं सावरून म्हणाली, "तुमचा कान दुखतोय म्हणे. फोन कुठल्या कानाला लावलाय? दुखऱ्या?"

टकटक.

"अहो मग स्पीकरवर घाला की!"

*

ठणका जसा आला तसाच गेला. एका सकाळी चहा पिऊन झाला आणि लक्षात आलं, कान आठवलाच नाही. मग घसा भरला, आवाजही परत आला. डॉक्टरबाईंनी आत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "आता वाट्टेल ते खा, वाट्टेल तेवढं बोला." रघू म्हणाला, "दुसरं नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

आता शेवटचा किस्सा.

मी आजारी असताना दुपारी सगळं आवरलं की अक्का भाजी घेऊन माझ्याजवळ बसायच्या. शेंगा मोडत मोडत बोलायच्या. आधी भाजीबद्दल, मग माहेरच्या गल्लीबद्दल, मग असंच कुठलंही. मी नुसती ऐकायचे. एके दिवशी शेंग मोडता मोडता म्हणाल्या, "रघू लहान होता ना, तेव्हा माझा कान फार दुखायचा."

मी भुवया वर केल्या. हे कधी ऐकलं नव्हतं.

"घरात माणसंच माणसं. सासू, दीर, नणंदा. मी सांगायचे, कान दुखतोय, डॉक्टरकडे जाऊन येते इथल्या शिवाजीनगरला. बस धरायचे. उतरून एका हॉटेलात एकटीच बसायचे. एक मसाला डोसा, एक कॉफी. कुणी हाक मारणारं नाही. मग बाजारात बांगड्या बघत फिरायचे, घ्यायचे काही नाही. आणि परत यायचे." त्यांनी शेंग मोडली. "कान कधीच दुखला नाही गं माझा. अण्णांनी बिचाऱ्यांनी लोकरीची टोपी आणून दिली होती. उन्हाळ्यात घालून बसायचे मी!"

मला हसताही येईना, विचारताही येईना. तेवढ्यात सईची शाळेची बस आली आणि अक्का उठल्या.

त्यानंतर मी बरी झाले. एका दुपारी घरी होते, अक्का ओट्याशी घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. मी जाऊन जवळ बसले आणि म्हटलं, "अक्का, मग पुढे? त्या हॉटेलात परत कधी गेलात का?"

अक्कांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत शेंगांकडे.

"गेले की. एकदा तर फारच गंमत झाली," त्या म्हणाल्या. "पण ती नाही सांगत. आता तुला बोलता येतं."

 मी गळ्यावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं, आणि बोलता येत नाही अशी मान हलवली.

अक्कांनी मला नीट बघून घेतलं. उठल्या, गॅस बारीक केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं, आणि निम्म्या शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या.

"तर त्या दिवशी," अक्का म्हणाल्या, "मी नेहमीसारखी बसमधून उतरले..."